नमुन्याच्या बंदुकीची माशी

दुबई, ९ नोव्हेंबर १९६४

नाही गं बाय, तुझा नवरा माझ्या हातचं जेवून जाडा झालेला नाही. फोटोत जाडा दिसतो कारण अंगात नूरुद्दीनशेठचा कोट आहे. फोटोवाल्याकडे जाताना मागून घेतला. कोटाच्या आत माणूस तोच, तू बाणकोटच्या धक्क्यावरून पाठवलास तेवढाच.

तू विचारतेस, त्याच्या ताटात मासा कोण वाढतं. मीच वाढते. सहा जणांचे डबे भरते, त्यातला एक तुझ्या नवऱ्याचा. सुरमईचा मधला तुकडा त्याला देते का? देते. लोखंडावरून केसभर कानस फिरवणारा माणूस, पण माशाचा काटा काढायला घेतला की निम्मा मासा बशीत आणि निम्मा दाढीत. तू कोकणातली असून नवऱ्याला एवढंही शिकवलं नाहीस. आता जळ तिकडे बसून.

आणि "मी दिवसभर माशा बसवतो" असं त्याने लिहिलं म्हणून तू घाबरलीस, ते वाचून मी एकटी हसत बसले. अगं, बंदुकीची माशी. नळीच्या पुढच्या टोकाला लोखंडाचा बारीक तुकडा उभा असतो, ती माशी. मागे डोळ्याजवळ पट्टी असते, तिला खाच. खाचेच्या मधोमध माशी आली, माशीच्या शेंड्यावर निशाण आलं, की चाप ओढायचा. ऐकायला सोपं, पण डोळा एका वेळी एकच वस्तू साफ बघतो. नवशिका निशाण बघतो आणि चुकतो. जाणता माणूस माशी बघतो. निशाण धुरकट दिसलं तरी चालतं, खाच धुरकट दिसली तरी चालते. हे मला तुझ्या भावाने शिकवलं, शारजाच्या रस्त्याला वाळूत बसवून. मी दगड मांडायची, तो उडवायचा. मग मी उडवायची आणि तो मांडायचा. बाणकोटात कुणाला सांगू नकोस, अम्मा बेशुद्ध पडतील.

शेठच्या वर्कशॉपमध्ये ज्या बंदुका होतात त्या नव्याच, पण चेहरा जुना. पूर्वी गोऱ्या पलटणीकडे होत्या ना, दस्त्याखालचा दांडा खाली ओढला की उघडणाऱ्या, तशा. खरी जुनी आता मिळत नाही, मिळाली तर नळी झिजलेली. पण इथल्या लोकांना लग्नात आणि ईदला नाचताना खांद्यावर तीच हवी. म्हणून भिंतीवर नमुन्याची एक टांगलेली असते, तुझ्या भावाने, जहूरने स्वतः बनवलेली. तिच्यावरून बाकीच्या.

जहूर गेल्यापासून त्याच्या शिकंजावर तुझा नवरा उभा राहतो. बोटीच्या इंजिनावर शिकलेला फिटर. सगळं कॅलिपरने मोजतो, वहीत लिहितो, मग कानस उचलतो. बंदूक मात्र जन्मात उडवलेली नाही. आवाजाची भीती वाटते म्हणे. परवा शेठ एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "जहूरपेक्षा ह्याचा हात साफ आहे." मी डबा घेऊन दारातच उभी होते. डबा ठेवला आणि आले.

खोर फक्कानचा एक म्हातारा आहे, राशिद. त्याने आठ बंदुकांची ऑर्डर दिलीय. रमजान ईदला तिकडे नेमबाजी होते, त्यासाठी. ह्या घेऊन नाचायचं नाही, ह्या उडवायच्या. खोळी मी शिवणार.

तुझी भाबी,
खैरुन्निसा


बाणकोट, २ डिसेंबर १९६४

खैरुनभाबी,

सलाम. तुमचं पत्र मिळालं. मधला तुकडा यांना आणि शेपटी कुणाला, तेही लिहायचं होतं.

मी जळत नाही. फक्त यांच्या पत्राची गोष्ट सांगते. दोन पानांचं पत्र, त्यात दीड पान कालवण. "भाबी कोकम नाही म्हणून सुकं लिंबू घालते," "भाबी म्हणते कांदा बारीक नको." माझं नाव शेवटी, मुलींच्या नंतर, बकरीच्या आधी. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन. मधे एकदाच आले, तेही अब्बा गेले तेव्हा. मी कांदा कसा चिरते ते त्यांना आता आठवत असेल का?

शेठ जे बोलले ते त्यांनीही लिहिलंय. लाजत लिहिलंय, खोडून पुन्हा लिहिलंय. खरं सांगू भाबी, बहीण म्हणून वाईट वाटलं आणि बायको म्हणून बरं वाटलं. पत्र मी दोनदा वाचलं. अम्मांना वाचून दाखवताना ती ओळ गाळली.

आता मुख्य गोष्ट. शेठ म्हणालेत, राशिदची ऑर्डर नीट गेली तर बदरुद्दीनला पक्का ठेवतो, मागची दुसरी खोली देतो आणि बायकोला बोलवायचे कागद करून देतो. मुली मोठ्या जाऊबाईंकडे राहतील शाळेसाठी, ते ठरलंय. मी पासपोर्टच्या फोटोसाठी दापोलीला जाऊन आले. तोंड असं आलंय जसं कुणी चोरी केलीय.

तुम्ही यांच्यावर लक्ष ठेवा. खाण्यावर नको, कामावर ठेवा. तुम्हाला त्यातलं कळतं. यांना फक्त मोजता येतं.

तुमची नणंद,
साजिदा


दुबई, ३० डिसेंबर १९६४

साजिदा,

शेपटी मी खाते.

तुझ्या नवऱ्याच्या आठ बंदुका झाल्या. दिसायला अशा की नमुन्याची बंदूक त्यांच्यात ठेवली तर शेठला ओळखता येईना. तुझ्या नवऱ्याने दस्त्याखाली हात लावून ओळखली. राशिद स्वतः आला होता, जीपमधून, डोंगराचा रस्ता खाऊन पाठ मोडलेली. एकेक बंदूक खांद्याला लावली, दांडा ओढला, सोडला, आवाज ऐकला. तुझ्या नवऱ्याच्या गालाला हात लावून हबीबी म्हणाला. तो इतका लाल झाला की मला वाटलं ताप आला.

जहूर असता तर एकेक बंदूक बाहेर नेऊन तीन गोळ्या उडवल्याशिवाय त्याने दिली नसती. मी हे शेठला म्हणाले. शेठ म्हणाले नमुना जहूरचाच आहे, त्याबरहुकूम माप आहे, पुन्हा कशाला काडतुसं फुकट घालवायची. तुझा नवरा म्हणाला, भाबी, वहीत बघा. वही उघडून दाखवली. मला आकडे काय कळणार?

तू लिहिलंस लक्ष ठेवा. ठेवते आहे. इतकं ठेवते आहे की कधी कधी वाटतं, दुसरीकडे बघावं थोडं.

जहूरची कानस होती, लाकडी मुठीची, मुठीवर त्याच्या अंगठ्याचा खड्डा पडलेला. तुझ्या नवऱ्याने मूठ बदलली. नवी बसवली, पिवळी. जुनी चुलीत गेली, मीच घातली. आम्हाला मूलबाळ असतं तर कुणीतरी ती जपली असती. जाऊ दे. पासपोर्टचा फोटो पाठव, हसायला काहीतरी पाहिजे.

खैरुन्निसा


बाणकोट, २० फेब्रुवारी १९६५

भाबी,

यांचं पत्र आलं. पाच ओळी. त्यात कालवण नाही.

लिहितात, ईदला खोर फक्कानमध्ये राशिदची आठ माणसं उभी राहिली. शंभर पावलांवर पांढरा दगड. आठांचे आठ नेम चुकले. सगळ्यांच्या गोळ्या दगडाच्या उजवीकडे गेल्या, एकाच जागी, जणू ठरवून. समोरची मंडळी हसली. म्हाताऱ्याने आपली पगडी काढून मांडीवर ठेवली आणि नेमबाजी संपेपर्यंत तसाच बसला. मग आठही बंदुका आणून शेठच्या दारात टाकल्या. शेठ यांना म्हणाले, खलास, पुढच्या बोटीने जा.

मी हे पत्र कुणाला दाखवलं नाही. जाऊबाई विचारतात कागद कधी येणार, मी म्हणते येतील इन्शाल्ला.

भाबी, माझा नवरा कामात चुकणार नाही. मी त्यांच्याबरोबर राहिले नाही फारशी, पण एवढं मला माहीत आहे. ते चहात साखरसुद्धा मोजून घालतात. मग आठ बंदुका सारख्याच कशा चुकतात? एक चुकली तर हात चुकला म्हणावं. आठ?

तुम्हाला नेम कळतो. भावाने तुम्हाला शिकवलं ते मला आधी आवडलं नव्हतं, तेही लिहून टाकते. तो मला कधी वाळूत घेऊन गेला नाही, बाणकोटला एवढी वाळू असताना. पण आता बरं झालं म्हणते. तुम्ही शेठला सांगा. बायकांनी बोलायचं नाही वगैरे मनात आणू नका, तुम्ही एरवी आणत नाही.

मी यांना पाच वर्षं दुसऱ्याच्या हातचं जेवू दिलं. त्यांना परत पाठवू नका, मला तिकडे बोलवा.

साजिदा


दुबई, ६ मार्च १९६५

साजिदा,

पेटी उघडलीस तर बंद करू नकोस. तुझा नवरा कुठे जात नाही, तूच येते आहेस.

झालं ते सांगते. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं, शनिवारी मी शेठसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, शेठ, हाकलायचं तर हाकला, पण आधी बंदूक कुठे बघते ते तरी बघा. शेठ म्हणाले, तू काय करणार? म्हटलं, उडवणार. त्यांनी तुझ्या नवऱ्याकडे पाहिलं, तुझ्या नवऱ्याने जमिनीकडे.

राशिदला निरोप धाडला. तोही आला, म्हाताऱ्याला तमाशा बघायचा होता. आम्ही शारजाच्या रस्त्याला गेलो, मी बुरख्यात, मांडीवर दोन बंदुका, बाकीच्या मागे गाडीत. शंभर पावलं तुझ्या नवऱ्याने मोजली, मोजायचं म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. दगड मांडला.

आधी मी त्याची एक उडवली. बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून. गोळी उजवीकडे, चार-पाच बोटं. मग नमुन्याची बंदूक घेतली. तसाच नेम, माशीवर डोळा, खाच आणि दगड धुरकट. गोळी उजवीकडे, तेवढीच. शेठचं तोंड उघडंच राहिलं. म्हटलं, आता तुमच्या फिटरला विचारा, नमुन्याबरहुकूम माप आहे की नाही. तुझ्या नवऱ्याने तिथे वाळूत वही उघडली. आठही बंदुकांची माशी नमुन्याच्या माशीसारखीच, मधापासून डावीकडे, अर्ध्या तांदळाएवढी. माशी डावीकडे गेली की तिला खाचेत आणायला नळी उजवीकडे वळते, म्हणून गोळी उजवीकडे. त्याने नमुना जसा होता तसा उतरवला. नमुनाच चुकलेला, तो काय करणार?

मग मी पितळी हातोडी मागितली. माशी आडव्या खाचेत ठोकून बसवलेली असते, तिला डावीकडून हलके दोन ठोके दिले. पुढची गोळी दगडाला लागली. दगडाचे दोन तुकडे. राशिद उठून उभा राहिला आणि शेठच्या कानात काहीतरी म्हणाला. शेठने मला सांगितलं नाही. तुझ्या नवऱ्याला अरबी येतं, तो म्हणाला, म्हातारा विचारत होता ही बाई विधवा आहे का. आता तूच ठरव, तुझ्या भाबीला डोंगरापलीकडे द्यायची का.

आठही बंदुका तिथेच ठोकून सरळ केल्या. म्हाताऱ्याने परत नेल्या. शेठने तुझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. कागद सोमवारी टाकतात म्हणाले. यल्ला, ये लवकर. मधल्या तुकड्याची जबाबदारी तुझी, मी सुटले.

खैरुन्निसा


बाणकोट, २८ मार्च १९६५

भाबी,

कागद आले. पंधरा एप्रिलनंतरच्या बोटीत जागा मिळेल म्हणतात. तुमचे उपकार मी मुलींना सांगितले. धाकटीने विचारलं, मामी बंदूक उडवते? मी हो म्हटलं, तर ती दिवसभर काठी घेऊन कोंबड्यांवर नेम धरत होती.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती यांनी लिहिली. नमुना भावाने केलेला. मग शेठ वाळूतच म्हणाले म्हणे, सगळ्यांसमोर, "जहूरचा डोळा शेवटी गेला होता. बिचाऱ्याने कुणाला सांगितलं नाही." आणि तुम्ही तिथे होतात आणि काही बोलला नाहीत. यांनी वाईट मनाने नाही लिहिलं. लिहितात, जहूरभाईंसाठी दुवा करतो, किती त्रासात काम केलं असेल.

भाबी, त्याला दिसत नव्हतं? ताप आला आणि आठ दिवसांत गेला, एवढंच आम्हाला कळवलं होतं. आधीपासून दिसत नव्हतं आणि तरी तो शिकंजावर उभा राहायचा? अम्मांना शेजारच्यांनी सांगितलं, कारण आता गावात सगळ्यांना माहीत झालंय, दुबईहून तीन पत्रं आली तीन घरांत. अम्मा तेव्हापासून म्हणतात, मी त्याला लहानपणी काजळ घातलं नाही नीट. मोहल्ल्यात म्हणतात, बंदुकीवाला जहूर, आंधळा होता. दोन वर्षांपूर्वी हेच लोक म्हणत होते, जहूरसारखा कारागीर कोकणात नाही.

तुम्ही माझ्यासाठी बोलायला गेलात आणि भावाचं नाव गेलं. मला यांची खोली मिळाली म्हणून मी खूष व्हायचं की नाही तेच कळत नाही. मी एकदा यांचं कौतुक वाचून खूष झाले होते, भावाला खाली करून. ते मला आता टोचतं.

मी रागावलेली नाही. फक्त खरं सांगा. त्याला शेवटी दिसत होतं की नव्हतं? मी येण्याआधी लिहा. समोर बसून मला विचारता येणार नाही.

साजिदा


दुबई, ९ एप्रिल १९६५

साजिदा,

हे पत्र तुला बोटीच्या आधी मिळावं म्हणून आजच टाकते. विनोद करायचा विचार होता, दोन ओळी लिहून खोडल्या.

तुझ्या भावाला दिसत होतं. ताप यायच्या आदल्या शुक्रवारी माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, तो त्याने सुईने काढला, उन्हात बसवून, एका खेपेत. रक्त आलं नाही. अम्मांना हे वाचून दाखव. मोहल्ल्यात कुणाला वाचून दाखवायचं असेल तर तेही चालेल.

वाळूत शेठ ते वाक्य बोलले तेव्हा मी बुरखा तोंडावर ओढला. सगळ्यांना वाटलं रडते. मी रडत नव्हते. मी मनात म्हणत होते, बोल खैरुन, आत्ता बोल. तोंड उघडलं नाही. त्या दिवशी राशिद माझ्याकडे बघत होता, शेठ बघत होते, तुझा नवरा माझ्या पाया पडायचा बाकी होता. दोन वर्षांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. मला ते सोडवेना. एका दिवसापुरतं म्हटलं, मग महिना झाला.

आता मागचं सांगते. मी दारात असताना शेठ म्हणाले ना, जहूरपेक्षा हात साफ. मी डबा ठेवला आणि आले, असं तुला लिहिलं. आले नव्हते. खोळीचं माप घ्यायचं होतं म्हणून नमुन्याची बंदूक मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले. शेठ गिऱ्हाइकाला दाखवत होते, ही बघा कड, ही बघा चकाकी. तुझा नवरा मान खाली घालून उभा होता आणि हसत होता. आणि जहूर जिवंत होता तेव्हा शेठने त्याला एवढंच म्हटलेलं मी ऐकलं, "झालं का?" अकरा वर्षं, साजिदा. झालं का, झालं का.

मला वाटलं, बघू तर खरं ह्याचा हात. जहूरने नमुना हातात घेतल्याबरोबर सांगितलं असतं, कुणीतरी छेडलंय हिला. त्याने कॅलिपर लावलं नसतं, नुसता डोळा लावला असता. हाही सांगेल तर मानलं. नाही सांगितलं तर शेठला कळेल, कोण गेलं आणि कोण आलं. गोष्ट वर्कशॉपमध्येच संपेल असं धरलं होतं मी. तुझा नवरा ओळखणार नाही आणि मोजून मोजून आठ वेळा तेच उतरवेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या ऑर्डरवर तुझे कागद आहेत हे तुझ्या पत्राने कळलं, तेव्हा बंदुका अर्ध्या झाल्या होत्या. तेव्हाही सांगता आलं असतं. तू लिहिलं होतंस, बायको म्हणून बरं वाटलं. ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि सांगितलं नाही.

शेठला मी उद्या सांगणार आहे, तुझ्या नवऱ्यासमोर. त्यांनी खोली सोड म्हटलं तर सोडीन. पण जहूर तुझा भाऊ, म्हणून आधी तुला.

त्या दिवशी हातोडी शिकंजाजवळ पडलेली होती. गिऱ्हाईक निघालं, शेठ आणि तुझा नवरा त्याला पोचवायला रस्त्यापर्यंत गेले.

माशी मी सरकवली. तुझ्या नवऱ्यावर जळून.

खैरुन्निसा